चार पांढरे

माझ्या स्टुलावर सर हेल्मेट ठेवायचे.

भिंतीला खिळा होता, टेबलाखाली जागा होती, तरी रोज सकाळी आल्या आल्या ते हेल्मेट बरोबर माझ्या स्टुलावर ठेवायचे. मी खाली फरशीवर बसून खोक्यांना चिकटपट्टी लावत असायचे. हेल्मेट ठेवून झालं की एकदा माझ्याकडे बघायचे. दोन महिन्यांच्या वर मी ते हेल्मेट बघितलं. काळं होतं, मागे एक पांढरा पट्टा, पट्ट्याला डाव्या बाजूला ओरखडा. अजून डोळे मिटले तरी ओरखड्यासकट दिसतं.

सर म्हणजे आमच्या गाळ्याचे सुपरवायझर. गाळा जोगेश्वरीला, गुंफांच्या मागच्या बाजूला, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर. लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजमागे जे मोठे उजेडाचे पडदे असतात, ते आमच्याकडे तयार होतात, भाड्याने जातात आणि बिघडले की परत आमच्याकडेच येतात. लोकांना तो एक पडदा वाटतो. तो एक नसतो. शाळेच्या वहीएवढ्या प्लेटी एकाला एक लावून तो बनतो. प्रत्येक प्लेटीवर मोहरीपेक्षा बारीक हजारो दिवे. आम्ही त्यांना दाणे म्हणतो. एक दाणा मेला की पडद्यावर काळा ठिपका दिसतो. मेलेला दाणा गरम हवेच्या गनने उपटायचा, चिमट्याने नवा ठेवायचा, राळ लावून चिकटवायचा. हे माझं काम होतं.

पण मी आले होते झाडू मारायला. सकाळचा झाडू, फरशी, चहाची भांडी. टेबलावर तेव्हा एकटी ताई बसायची. ताई मालवणकडची, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, तोंडाने फटकळ. एकदा तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, एक दाणा काही केल्या बसत नव्हता. मी झाडू धरून बघत उभी होते. ती म्हणाली, "बघतंस काय गो बाये? ये, बस, धर ह्यो चिमटो." मी बसले. माझा हात हलला नाही. दाणा बसला. तेवढ्यात शेठ आत आले होते. शेठ घाटकोपरचे, कमी बोलणारे. त्यांनी प्लेट उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, "बाईला स्टूल द्या."

आयुष्यात मला कुणी काही द्या म्हणालं असेल, तर ते हे एकदाच. चार वर्षं मी त्या स्टुलावर बसले. लोखंडी पायाचं, वर लाल रेक्झिन, एका कडेला फाटलेलं. ते मी घरून आणलेल्या सुई-दोऱ्याने शिवलं होतं.

मला बोलता येत नाही. मुकी नाही मी, पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की घसा आवळतो. लहानपणापासून. शाळेत बाईंनी उभं केलं की मला उत्तर येत असूनही मी खाली बघायचे. मग चौथीनंतर शाळाच सुटली. आई वस्तीतल्या बायकांच्या साड्या धुऊन, इस्त्री करून द्यायची. तिचा हात दुखायला लागला आणि ते काम माझ्याकडे आलं. त्यात पांढऱ्या साड्याच फार. आमच्याकडे पौर्णिमेला विहारात वंदनेला बायका पांढरी साडी नेसतात. आदल्या दिवशी दोरीवर वीस-पंचवीस पांढऱ्या साड्या वाळत असायच्या आणि कुठली कुणाची हे मला लांबून ओळखावं लागायचं. चूक झाली की भांडण. साडीवर नाव लिहिलेलं नसतं. पांढऱ्यावरूनच ओळखायचं. एक पांढरा दुधासारखा, जरा पिवळा. एक ताकासारखा, थोडा पातळ, करडा. एक चुन्यासारखा, डोळ्यात घुसणारा. आणि एक नीळ जास्त झालेला. वर्षभरात मला सगळ्या साड्या पाठ झाल्या. तेव्हा वाटायचं, शाळा सोडून हे काय शिकले.

टेबलावर बसल्यावर कळलं काय शिकले ते.

दुरुस्त झालेली प्लेट तपासायला आम्ही ती पांढरी पेटवतो. पांढऱ्यात मेलेला दाणा लगेच दिसतो. दोन प्लेटी शेजारी पेटवल्या की मला दिसायचं, एकीचा पांढरा दूध आहे, दुसरीचा ताक. शेठने प्लेटी वेगवेगळ्या वेळी विकत घेतलेल्या. प्रत्येक खेपेचा दाणा थोडा वेगळा. आधी मागे खेपेचं लेबल असायचं, पण भाड्याने फिरून, घासून, गळून ती लेबलं कधीच गेली होती. सगळा माल एकात एक. एकटी प्लेट पेटवली तर काही कळत नाही. एकटा पांढरा कधी खोटा पडत नाही. दुसरा पांढरा शेजारी आला की पडतो.

मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी निवडायला लागले. माझ्या मुलीची लाल नेलपॉलिशची बाटली, तळाशी थोडी उरलेली, ती मी नेली. पेनाची खूण हातानेच पुसली जाते, नेलपॉलिश राहते. प्लेटीच्या मागे कोपऱ्यात दुधाला एक ठिपका, ताकाला दोन, चुन्याला तीन, आणि निळीला आडवी रेघ. चार थप्प्या केल्या. पडदा जाताना एका पडद्याला एकच थप्पी, किंवा कमी पडली तर वेगळा पांढरा कडेला, खालच्या ओळीत, जिथे कुणी बघत नाही. ताईला एवढं माहीत होतं की लाल ठिपके मी लावते आणि थप्प्या मोडायच्या नाहीत.

मग आमचे पडदे चांगले दिसायला लागले. बोरिवलीच्या एका हॉलमधून आल्यावर शेठ म्हणाले, "एकदम मख्खन दिसला पडदा. कसं केलं?" सर लॅपटॉपवर बोट आपटून म्हणाले, "सेटिंग, शेठ. कलरचं सेटिंग केलंय मी." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. टेबलावर काय चालतं ते त्यांनी कधी वाकून बघितलंच नव्हतं. मी माझं काम करत राहिले. मला राग नाही आला. तेव्हा नाही आला.

राग आला तो एका दुपारी.

अंधेरीच्या एका साडीच्या दुकानाचा पडदा आला होता. एकदम बारीक दाण्याचा, नवा, महाग. त्याची एक अख्खी पेटी, म्हणजे आठ प्लेटी बसवलेली चौकट, सरांनी उचलून टेबलावर पालथी ठेवली. खाली फोम घालायचा असतो. फोम माझ्या हातात होता, मी द्यायला उठलेच होते. त्यांच्या कानाला फोन होता. त्यांनी पेटी तशीच ठेवली आणि फोनवर हसत हसत एका हाताने आपल्याकडे ओढली. कर्र असा आवाज झाला. कडेचे दाणे ओळीने सुटून टेबलावर सांडले, राजगिरा सांडावा तसे.

ताई डबा धुवायला गेली होती. गाळ्यात आम्ही दोघंच. त्यांनी फोन बंद केला, दाण्यांकडे बघितलं, माझ्या हातातल्या फोमकडे बघितलं. खाली उतरून सिगरेट ओढून आले.

संध्याकाळी शेठ आले तेव्हा सर सगळ्यांच्या समोर म्हणाले, "बाईने पाडली. मी सांगत होतो तुम्हाला शेठ. चौथी पास बाईला टेबलावर बसवलं की असंच होणार. हे काय भाकऱ्या थापायचं काम आहे?"

शेठने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. आईशप्पथ उघडलं. आतून काही आलंच नाही. डोळ्यांत पाणी आलं, आणि डोळ्यांत पाणी आलेली बाई म्हणजे गुन्हेगारच. शेठ हळू आवाजात म्हणाले, "काही दिवस पॅकिंग बघ."

दुसऱ्या दिवशी माझ्या स्टुलावर हेल्मेट होतं.

मी ताईला काय झालं ते सांगितलं तर ती म्हणाली, "तोंडात काय मीठ धरलंस? सांग मा शेठाक, त्येनीच मोडल्यान म्हणान." मी म्हटलं, कोण ऐकणार. ती म्हणाली, "तू बोलशीत तर ऐकतले. नायतर ऱ्हव आयुष्यभर खोके बांधीत." मी खोके बांधत राहिले. पण खोके बांधताना मी एकच गोष्ट मनात घोकत होते. माझं स्टूल मला परत पाहिजे, आणि ते ह्या माणसानेच, स्वतःच्या तोंडाने बोलून मला द्यायला पाहिजे. नुसतं स्टूल मिळून मला चाललं नसतं. घरी भांडी घासताना, मुलीची वेणी घालताना मी हेच घोकायचे. मुलगी ओरडायची, "आई, किती ओढतेस!"

मग घाटकोपरचं काम आलं. शेठच्या स्वतःच्या समाजाचा हॉल. नवा केलेला. स्टेजवर कायमचा पडदा बसवायचा, बारा फूट रुंद. ज्या भावांनी त्यासाठी देणगी दिली होती, त्यांच्या आईच्या फोटोने त्याचं उद्घाटन होणार होतं. शेठ रोज येऊन सांगायचे, "हे माझ्या घरचं काम आहे. माझी मान तिथे आहे." ताई एकटी टेबलावर पंधरा दिवस मान मोडून बसली. दीडशेच्या वर प्लेटी, एकूण एक दाणा तपासून. माझ्या चार थप्प्यांतला दुधाचा आणि ताकाचा माल सगळ्यात जास्त होता. मी टेबलावर असते तर अख्ख्या पडद्याला दूध लावलं असतं, आणि दूध कमी पडलं तिथे ताक, तेही खालच्या दोन ओळींत.

माल जायच्या आदल्या दिवशी सर प्लेटी बघायला आले. पहिल्यांदाच त्यांनी एक प्लेट उलटून मागची बाजू बघितली.

"हे काय?" ते म्हणाले. "हे लाल लाल काय लावलंय? भानामती केली का कुणी?"

ताई तेव्हा आत पॉवर सप्लाय मोजत होती. मी खाली बसलेली. माझ्या तोंडून निघालं, "सर, ते..."

"तू लावलंय? नेलपॉलिश?" ते हसले. "ब्युटी पार्लर उघडलंय इथे? उद्या ट्रस्टी स्टेजच्या मागून बघायला येणार, त्यांना हे दाखवू? पुसून टाक. सगळं. हे घे." आणि त्यांनी स्पिरिटची बाटली माझ्यासमोर ठेवली.

मी म्हटलं, "सर, ते पुसलं तर..."

"पुस म्हटलं ना! तुला काय विचारलंय?"

तिथपर्यंत मी सांगायचा प्रयत्न केला. दोनदा. हे मी लिहून ठेवते, कारण ते खरं आहे. पण त्याच्या पुढचंही खरं आहे आणि ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

मी फडकं स्पिरिटमध्ये भिजवलं आणि पुसायला बसले. एक ठिपका, दोन ठिपके, तीन ठिपके. लाल रंग फडक्यावर येत होता. पहिल्या पाच-दहा प्लेटी पुसताना मला रडू येत होतं. मग थांबलं. मला एकदम लख्ख कळलं की ह्या माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःची मान माझ्या हातात दिली आहे.

पुसल्यावरही मला थप्प्या वेगळ्या ठेवता आल्या असत्या. चार खोकी होती, चार थप्प्या होत्या. दूध एका खोक्यात, ताक दुसऱ्यात. कुणी विचारलं नसतं. मी तसं केलं नाही. मी एक दुधाची प्लेट घेतली, एक निळीची, एक चुन्याची, परत एक दुधाची, एक ताकाची. पत्ते पिसावेत तसे मी ते पांढरे पिसले. आरामात. एकही प्लेट न आपटता, मध्ये फोम घालून. एवढं सुंदर पॅकिंग मी कधी केलं नव्हतं. मधल्या दोन खोक्यांत तर मी मुद्दाम निळीच्या आणि दुधाच्या प्लेटी एकाआड एक भरल्या, कारण मधली खोकी मध्ये लागतात आणि फोटोतला माणूस मध्ये असतो.

मान वर केली तर ताई दारात उभी. किती वेळ उभी होती माहीत नाही. ती वळून आत गेली. मी पुढचा फोम घातला.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून माल गेला. सरांनी आणि फिटिंगच्या माणसांनी पडदा चढवला. मी आणि ताई पुसायला आणि वायरींच्या पट्ट्या जोडायला. पडदा पेटवून बघितला तो नेहमीच्या व्हिडिओवर. रंगीत मासे, फुलं, डोंगर. रंगात पांढरा कळत नाही. सर म्हणाले, "झकास." शेठ म्हणाले, "झकास." मी सगळ्यात मागे उभी होते. माशांच्या मधून मला चौकोन दिसत होते. मी खाली बघितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला उद्घाटन. हॉल भरलेला. आम्हाला स्टेजच्या बाजूला उभं केलं होतं, काही लागलं तर. पुढे देणगीदार भाऊ, दोघेही पन्नाशीच्या पुढचे, हात जोडून. बटण दाबलं आणि त्यांच्या आईचा फोटो पडद्यावर आला.

आई पांढऱ्या साडीत होत्या. डोक्यावरून पदर. मागे पांढरी भिंत.

मी ते विसरणार नाही. साडीला चौकोनी चौकोनी ठिगळं पडली होती. एक तुकडा पिवळट, एक निळा, एक करडा. पदर गोधडीसारखा. आणि चेहऱ्यावर, बरोबर मध्ये, एका गालाला निळीचा चौकोन आणि दुसऱ्याला दुधाचा, अंगावर कोड फुटावं तसे. मग बायकांच्या बाजूने कुजबुज. मोठ्या भावाचे जोडलेले हात हळूच खाली आले. कुणीतरी लहान पोर मोठ्याने म्हणालं, "आजीला काय झालं?"

मी सरांकडे बघत होते. फक्त त्यांच्याकडे. त्यांच्या कानाच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मग पांढऱ्या. ते लॅपटॉपवर धावले. उजेड कमी केला, वाढवला. वाढवला तसे चौकोन आणखी उठून दिसले. शेवटी कुणीतरी पडदाच बंद केला. माइकवरून सांगितलं की तांत्रिक अडचण आहे, सगळ्यांनी जेवून घ्यावं, संध्याकाळच्या कार्यक्रमात फोटो दाखवू. त्या क्षणाला मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटायला पाहिजे. वाटत नाही. भर उन्हातून येऊन माठातलं पाणी पिताना वाटतं तसं वाटलं.

हॉल रिकामा झाला. शेठ स्टेजवर आले. ओरडले नाहीत. "माझ्या लोकांत," एवढंच म्हणाले. "माझ्या लोकांत, तू."

सर म्हणाले, "शेठ, माल चीनचा, असा निघतो कधी कधी." मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. मला ती नजर ओळखीची होती. फोम हातात असताना बघितली होती. "आणि बाईने पॅकिंग करताना ओलं फडकं मारलं असणार. पाणी गेलं आत. मी सांगत होतो तुम्हाला—"

"ओलं नव्हतं," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा आवाज मलाच नवा होता. घसा आवळलेला होता, पण त्या आवळलेल्या घशातूनच तो येत होता, बारीक, किरटा.

"स्पिरिट होतं. सरांनी दिलं. ठिपके पुसायला."

"कसले ठिपके?" शेठ म्हणाले.

मी सांगितलं. दूध, ताक, चुना, नीळ. एक ठिपका, दोन ठिपके. चार वर्षं. बोरिवलीचा पडदा. मोठी मोठी वाक्यं मला जमली नाहीत, तुकड्या तुकड्याने सांगितलं. शेठने ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "खरा हा शेठ. ठिपके तीच लावी. थप्पे मोडूचे नाय म्हणून माका सांगल्यान होता." तिने एवढंच सांगितलं. दारात उभी होती ते सांगितलं नाही.

शेठ सरांना म्हणाले, "आणि सेटिंग?" सरांनी लॅपटॉप मिटला.

मग मला म्हणाले, "परत लावू शकते? ठिपके नाहीत आता."

"मला ठिपके लागत नाहीत. पेटवून दिसतं."

"संध्याकाळी पाचपर्यंत?"

"हो."

"चल मग. बघतेस काय?"

मी हलले नाही. "माझं स्टूल," मी म्हटलं.

"दिलं. चल."

"अंधेरीची पेटी. ती कुणी बिघडवली ते सरांनी सांगावं."

शेठने वळून बघितलं. सर हसायला गेले. "शेठ, आता ह्या वेळेला हे काय..." शेठ हसले नाहीत. खालून जेवणाच्या ताटांचा आवाज येत होता. फिटिंगची माणसं शिडीपाशी उभी, ताई माझ्या बाजूला. सर म्हणाले, "ठीक आहे. माझ्या हातून घासली गेली असेल."

"असेल नाही," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या आधी खाली बघितलं नाही.

"घासली," ते म्हणाले. "माझ्या हातून. फोन चालू होता."

शेठने मला विचारलं, "तू तेव्हाच का नाही बोललीस?" मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नव्हतं." त्यांनी मान खाली घातली. त्यांच्यावर मला राग नव्हता, पण तेही त्यांना लागायला पाहिजे होतं, आणि लागलं.

पडदा पांढरा पेटवला. ह्या प्लेटी चुंबकावर बसतात. रबरी वाट्यांचं एक हत्यार असतं, ते समोरून लावून प्लेट ओढून काढता येते. शिडीवर चढून काढायला आणि लावायला माणूस पाहिजे होता. फिटिंगवाल्याने शिडीवर पाय ठेवला तसे शेठ म्हणाले, "तू थांब." आणि सरांना म्हणाले, "तू चढ."

सर चढले. मी खाली, हॉलच्या मधोमध, खुर्चीत बसून. बसूनच. "वरून तिसरी, डावीकडून पाचवी. नीळ. काढा." ते काढायचे. "कडेची दूध आहे, ती इथे." ते उतरायचे, चढायचे. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. कुणीतरी पाणी दिलं ते त्यांनी शिडीवरच प्यायलं. "ही?" ते विचारायचे. मी म्हणायचे, ताक. खाली. "ही?" चुना. "बघ ना नीट, सारखीच दिसते." मी म्हणायचे, तुम्हाला दिसते.

एक प्लेट मी त्यांना तीनदा काढायला लावली. मधली, आईंच्या कपाळाची जागा. पहिल्यांदा लावली तेव्हाच बरोबर होती. दूध. मला पहिल्यांदाच दिसलं होतं. मी म्हटलं, नाही, काढा. त्यांनी काढली, उतरले, दुसरी आणली, चढले. ती पण काढा. मग पहिलीच परत मागवली. त्यांना कळलं की नाही माहीत नाही. कळलं असेल तर बरंच.

साडेचारला काम झालं. आईंचा फोटो परत लावला. साडी एक झाली होती, पदराच्या काठापासून कपाळापर्यंत एकच पांढरा; नीळ आणि चुना अगदी कडेच्या ओळींत गेले होते. म्हाताऱ्या बाईंचा चेहरा चांगला होता. हसरा. धाकटे भाऊ एकटेच वर आले होते, त्यांनी पडद्यासमोर उभं राहून डोळे पुसले आणि मला म्हणाले, "थँक्यू हं, बेन." ते म्हणाले तेव्हा मला पहिल्यांदा कसंतरी झालं. त्यांच्या आईच्या गालावर नीळ मीच भरली होती, मोजून, एकाआड एक. त्यांचं माझ्याशी काही वैर नव्हतं. पण सरांचा चेहरा पाडायला मला दुसरा कुणाचा चेहरा मिळाला नाही.

परत जाताना टेम्पोत मागे मी आणि ताई, रिकाम्या खोक्यांवर. लिंक रोडला सिग्नलला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "मी बघलंय तुका. पत्ते पिसल्यासारखा करत होतंस."

मी म्हटलं, "हो."

"पंधरा दिवस मी मान मोडलंय त्या प्लेटींवर. माझे हात नव्हते त्यात?"

मला ते सुचलंच नव्हतं. खरंच नव्हतं. हॉलमध्ये लोक कुजबुजत होते, तेव्हा त्या पडद्यावर ताईचंही काम उभं होतं. मी म्हटलं, "ताई, तुझ्यासाठी वाईट वाटतं."

"आणि त्याच्यासाठी?"

"नाही."

तिने घसरणारं एक खोकं पायाने आत ओढलं. मग म्हणाली, "मेल्याचो शर्ट बघलंस? पिळलो असतो तर बालदी भरली असती." आणि हसली. पण जास्त नाही हसली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दोघींच्या मधला मोठ्या भिंगाचा दिवा तिने स्वतःच्या बाजूला ओढून घेतला. आधी तो बरोबर मध्ये असायचा. अजून मध्ये आलेला नाही. मी मागितला नाही. ते माझं देणं आहे आणि ते तिच्या मनाने फिटेल तेव्हा फिटेल.

स्टूल मिळालं. हेल्मेट आता खिळ्याला असतं. मी नेलपॉलिश परत नेली नाही. मुलीने नवी बाटली देऊ केली, मी नको म्हटलं. कुठली प्लेट कुठल्या पांढऱ्याची हे आता फक्त माझ्या डोळ्यांत आहे, कुणाला पुसता येणार नाही अशा ठिकाणी. त्यामुळे सरांना रोज दोन-तीनदा प्लेट घेऊन माझ्या टेबलाशी यावं लागतं. "बाई, ही कुठली?" असं ते विचारतात. आवाज आता खाली असतो.

मी ऐकते. हातातला दाणा पुरता बसवते. राळ थंड होऊ देते. चिमटा पुसते, जागेवर ठेवते. ते उभे असतात.

मग मी मान वर करते.